यानावरचे दहा जण

जगात टीव्ही बघणारी माणसं पुष्कळ आहेत, पण टीव्हीला बोटही न लावता टीव्ही बघणारा माणूस आख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका पेणला माझ्या घरासमोर राहतो. आम्ही त्यांना समोरचे काका म्हणतो. त्यांना नाव आहे, जुन्या धर्मग्रंथातलं चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते आमच्या गल्लीत कुणाला नीट उच्चारता येत नाही आणि पोस्टमननेही तो नाद फार पूर्वी सोडला. काका बेने इस्रायल. म्हणजे कधीकाळी जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागलेले, तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, त्या ज्यूंपैकी. बाकीचे बहुतेक तिकडे, इस्रायलला निघून गेले. काका राहिले. का राहिलात असं विचारलं तर म्हणतात, "दुकानात गिऱ्हाइकांचे टीव्ही पडले होते. ते कोणाच्या भरवशावर टाकून जाणार?" त्यांचं बाजारात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पुढे टीव्ही चपटे झाले, बिघडले की लोक ते फेकून द्यायला लागले आणि दुकान बसलं. गिऱ्हाइकांचे टीव्ही मात्र अजून काकांच्या माजघरात आहेत, न जाणो कोणी न्यायला आलं तर.

शुक्रवारी सूर्य मावळला की काकांचा शब्बाथ सुरू होतो, तो शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत. त्या वेळात कसलंही काम करायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही, आणि काकांच्या मते विजेचं बटण म्हणजे विस्तवच. टीव्ही बघणं हे मात्र काम नव्हे, असा त्यांनी स्वतःपुरता निकाल दिलेला आहे. त्यांच्या नात्यातले कडक लोक म्हणतात, बघू नकोस. ढिले लोक म्हणतात, मग बटण दाब की. काका दोघांचंही ऐकत नाहीत. आणि त्यांची लाडकी मालिका लागते ती नेमकी शुक्रवारी रात्री आठला. पृथ्वीपासून फार लांब निघून गेलेलं एक यान, त्यात चार माणसं, काही यंत्रं आणि काही परग्रहावरचे निळे, तीन डोळ्यांचे लोक, अशी ती विज्ञानकथा आहे. ते बटण दाबायला दर शुक्रवारी एक हात लागतो. गेली कित्येक वर्षं तो हात माझा आहे.

मी रोह्याला केमिकल कंपनीत कामाला. पहिली शिफ्ट करून पेणला परत येईपर्यंत अंगात राम उरलेला नसतो. अशा वेळी समोर जाऊन नुसतं बटण दाबून परत यावं म्हटलं तर तेही नाही, कारण आपल्यासाठी काम कर असं दुसऱ्याला सांगणंही काकांना शब्बाथला चालत नाही. त्यामुळे ते सांगत नाहीत. सुचवतात. मी आत गेलो की म्हणणार, "या, शिफ्टवाले. बसा. आज घरात फार शांत वाटतं, नाय?" मग मी टीव्ही लावायचा. आवाज कमी असेल तर, "त्या कॅप्टनला घसा बसल्यावानी वाटतं." मग मी आवाज वाढवायचा. एकदा फारच थकलो होतो म्हणून मी मुद्दाम न कळल्यासारखं करून बसून राहिलो. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "गावात बाकीच्या लोकांना कळलं असेल आतापर्यंत, यानाचं काय झालं ते." असा मुलामा देऊन बोलणारा माणूस फोडणीचं तेलसुद्धा मागणार नाही, वासावरून तुम्हीच ओळखायचं. बायको म्हणते, तुमचा उजवा हात तेवढा शुक्रवारी तिकडेच ठेवून येत जा, बाकीचे तरी घरी झोपाल.

एका शुक्रवारी मी मालिका बघता बघता खुर्चीतच झोपलो, मध्येच जाग आली तसा उठून घरी आलो आणि पहाटे शिफ्टला निघून गेलो. टीव्ही बंद करायचा राहिला. शनिवारी दिवसभर तो चालू होता आणि काका समोर बसून होते, कारण बंद करणंही कामच. सकाळी राशिभविष्य, मग भजन, मग दुपारभर गुडघ्याला लावायच्या तेलाच्या जाहिराती. संध्याकाळी तारे दिसल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने तो बंद केला तेव्हा त्यांना त्या तेलात कुठकुठल्या वनस्पती आहेत ते तोंडपाठ झालं होतं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त पुढच्या शुक्रवारी म्हणाले, "झोप माणसाला लागतेच. गेल्या वेळी जरा लांबली."

या मालिकेवर काकांचं प्रेम आहे, आणि प्रेम म्हणजे त्यांच्या हिशेबात चुका काढणं. अंतराळात स्फोट झाला की ते कानावर हात ठेवतात. "हवा नाय तिथं. आवाज काय चालत येतो?" यानाच्या इंजिनाची भिंत पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा त्यांनी मला माजघरात नेलं, एका उघड्या टीव्हीची मागची बाजू दाखवली आणि म्हणाले, "हे बघ इंजिन. रंग तेवढा चंदेरी दिला." अर्थिंग नसलेल्या यानातून एवढी माणसं नेतात म्हणून त्यांनी वाहिनीला खरोखर कळवलं होतं. आणि या सगळ्या तक्रारी ते मोबाइलवरच्या एका गटात मांडतात. त्या गटात नागपूरपासून कोल्हापूरपर्यंतची कॉलेजातली पोरं आहेत. काका सगळ्यांना चिरंजीव म्हणतात. भाग शुक्रवारी लागतो, पोरं शनिवारी भांडतात, आणि शनिवारी फोन कपाटात ठेवणारे काका रविवारी सकाळी येतात, म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडवात. त्यांना एका बोटाने टाइप करायला लागतं म्हणून ते सांगणार आणि मी लिहिणार. मला त्यासाठी गटात घेतलेलं आहे. तिथे पोरं मालिका बघतानाचे स्वतःचे व्हिडिओ टाकतात, त्यांवर बाकीचे बोलतात, त्या बोलण्यावर आणखी कुणी बोलतं. बघणाऱ्यांना बघणाऱ्यांना मी एसटीत बसून बघतो. आयुष्यात आपण काय करतोय असा प्रश्न मला कासू ते नागोठणे या पट्ट्यात हटकून पडतो.

काकांच्या घरात आधी दोघं होती. ते आणि त्यांची मोठी बहीण, आक्का. दोघांनीही लग्न केलं नाही. आक्का रोह्याच्या दवाखान्यात सिस्टर होती. आमच्या गल्लीतल्या आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना तिने टोचलेलं आहे, आणि टोचल्यावर रडणाऱ्या मोठ्या माणसाला ती लहान मुलासारखी ओरडायची. मी नोकरीला लागलो तेव्हा आम्ही एकाच एसटीने जायचो. माझा डबा उघडून बघायची, नाक मुरडायची आणि आपल्यातली चपाती माझ्या डब्यात ठेवायची. तिच्या हाताला नेहमी स्पिरिटचा वास यायचा. अजूनही दवाखान्यात गेलो की मला भूक लागते.

गेल्या वर्षी वैशाखात आक्का गेली. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी कद्दीश नावाची प्रार्थना म्हणतात, आणि ती म्हणायला त्यांच्या धर्माचे दहा पुरुष हजर लागतात. नऊ चालत नाहीत. दिवस शुक्रवार होता, म्हणजे सूर्य मावळायच्या आत सगळं आटपायला हवं होतं. कुठून कुठून माणसं आली. अलिबागकडून आली, रेवदंड्याकडून आली. काकांना धरून नऊ जमली. दहावा ठाण्याहून निघालेला म्हातारा वडखळ नाक्यापासून पार पेणच्या अलीकडपर्यंत तुंबलेल्या गर्दीत अडकला. तो फोनवर सांगत होता, पुढं कंटेनर हाय, मागं कंटेनर हाय, मी उतरून चालत येऊ का. कबरस्तानात काका एकदा रस्त्याकडे बघत होते, एकदा सूर्याकडे. शेवटी कद्दीश न म्हणताच माती द्यावी लागली. वडखळच्या नाक्याला शिव्या देणारे मी रोज ऐकतो. काकांनी एकही दिली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "तिची राहिली."

ठाण्याला त्यांच्या प्रार्थनामंदिरात दहा जण सहज मिळतात, तिथे जाऊन म्हणा, असं त्यांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. "ती ठाण्याला कुठं हाय? ती पेणला हाय," असं त्यांचं उत्तर. वर्षाच्या दिवशी, तिच्या कबरीपाशी, दहा माणसांत कद्दीश म्हणायची हे त्यांनी मनाशी घेतलं आणि वर्षभर त्यासाठी फोन केले. एक हो म्हणायचा तोवर दुसऱ्याचा गुडघा धरायचा. एकाने तर हो म्हटलं आणि महिन्याभरात मुलाकडे, तिकडच्या देशात, कायमचा राहायला गेला. माणसं जमवणं हे काकांचं काम नव्हे. त्यांना आपलं वायर जोडता येते.

अशात ती जाहिरात आली. यानात नवी मुलगी येणार, आणि ती कोकणातली बेने इस्रायल. काकांनी ती जाहिरात आधी स्वतः पाहिली, मग मला दाखवली, मग माझ्या बायकोला दाखवली, मग आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे तिथे जाऊन कारखानदारांना दाखवली. एवढ्या वर्षांत टीव्हीवर, सिनेमात, शाळेच्या पुस्तकातसुद्धा आपलं माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा दिसणार ते थेट अंतराळात. "आपली पोरगी येते यानात," असं ते भाजीवाल्यालाही सांगून आले. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत त्यांनी सगळी तयारी करून ठेवली. कारखान्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, भिजवलेल्या पोह्यांत नारळ, साखर आणि वेलची घालून मलिदा केला, पांढरा शर्ट घातला. गल्ली जमली. कारखानदार हाताला रंग तसाच घेऊन आले. आठ वाजले तेव्हा काका मला म्हणाले, "शिफ्टवाले, लोक जमलेत, पण कुणी काय बोलतच नाय." मी टीव्ही लावला.

मुलगी दिसायला चांगली होती. बोलायला लागली तर बातम्या वाचल्यासारखी मराठी. कारखानदार म्हणाले, "ही कोकणातली? हिला गो म्हणून हाक मारली तर मागं बघायची पण नाय." तिच्या खोलीच्या दाराला, चौकटीवर तिरकी लावलेली एक छोटी डबी दिसली. तशी काकांच्या दारालाही आहे. आतबाहेर करताना ते तिला बोटं लावून ओठांना लावतात. ती आत शिरताना उजव्या हाताला असते एवढं मला बघून बघून ठाऊक झालेलं. मालिकेत ती डावीकडे होती. मी काकांकडे पाहिलं. एरवी त्यांनी यावर पानभर लिहून घेतलं असतं. आता ते नुसते पुढे वाकून बघत होते.

मग तिला पृथ्वीवरून निरोप येतो. वडील वारले, आणि निरोप इतक्या लांबून यायचा म्हणून वारूनही वर्षं झालेली. तिला कद्दीश म्हणायची असते. दहा जण हवेत आणि यानात तिला धरून माणसं चार. ती कॅप्टनला बोलावते, स्वयंपाक्याला बोलावते, डॉक्टरला बोलावते, मग दोन यंत्रं येऊन उभी राहतात, मग तीन डोळ्यांचे ते निळे लोक. दहा होतात. ती प्रार्थना म्हणते. मागे सारंगी वाजते आणि भाग संपतो. आमच्या गल्लीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते. मीही लावला असता, पदर असता तर. कारखानदारांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "काका, आक्काचं वरीस आलंय ना? मग आम्ही हाव की. यंत्र चालतं, तीन डोळ्यांचं चालतं, तर आम्हाला काय झालं? आम्ही उभं ऱ्हातो." सगळी गल्ली हो हो म्हणाली. कुणी टोप्या आणायचं ठरवलं, कुणी टेम्पोचं. ऐन सीझनमध्ये कारखाना एक दिवस बंद ठेवतो असं कारखानदार म्हणाले, आणि पेणचा मूर्तीवाला वैशाखात कारखाना बंद ठेवतो म्हणजे काय हे पेणच्या माणसाला वेगळं सांगायला नको. काका टीव्हीवर चाललेल्या जाहिरातीकडे बघत होते. "बघू," एवढंच म्हणाले.

शनिवारी एसटीत बसलो तर माझा फोन तापलेला. आख्खा गट पेटला होता. एकजण म्हणत होता, रडलो. दुसरा म्हणत होता, यानात आता जातीपातीही आणणार का. कुणी विचारत होतं, कोकणात असले लोक असतात तरी का, की लेखकाने बनवले. कुणी आगरी पोरगा लिहीत होता, आमच्या माणसाला यानात कधी घेणार, का आम्ही खाली मिठागरंच बघायची. कुणाचं म्हणणं, यंत्राला प्रार्थनेत धरलं हा अपमान. कुणाचं म्हणणं, यंत्राला वगळलं असतं तर तो अपमान झाला असता. एका मुलीने शांतपणे लिहिलं होतं की तिला हे सगळं खरं वाटलं, तर तिला खोटं का वाटलं नाही यावर तिघांनी तिला धारेवर धरलं. आणि मग कुणाला तरी आठवलं, की आपले काका पेणचे, आणि काका त्यांच्यातलेच. झालं. दोन्ही बाजू म्हणायला लागल्या, काकांना बोलू द्या. रविवारी काका काय ते सांगतील.

रविवारी काका बोलले नाहीत. मी फोन घेऊन गेलो तर म्हणाले, "आज राहू दे." सोमवारी नाही, बुधवारी नाही. गटात एकाने लिहिलं, गप्प बसणं म्हणजे मान्यता. दुसऱ्याने लिहिलं, गप्प बसणं म्हणजे नाराजी. मला कामावर मेसेज यायला लागले. शेवटी मी एका संध्याकाळी जाऊन बसलो. काका एक मेलेला रेडिओ उघडून बसले होते.

"काका, पोरं जीव खातायत माझा. काय लिहू?"

"लिही, काका कामात हाय."

"चुकीचं होतं तर चुकीचं म्हणून लिहू. तुम्ही कधी कुणाची भीड ठेवलीत?"

त्यांनी रेडिओ बाजूला ठेवला. "चूक म्हणून लिहिलं तर ते गल्लीत कळणार. कारखानदार सीझनमधी काम बंद ठेवून येतो म्हणतो. त्याला कसं सांगू, तू मोजण्यात नाय?"

"मग बरोबर म्हणून लिहू."

"बरोबर?" ते म्हणाले. "त्या दिवशी आक्काला माती दिली तेव्हा तुम्ही सगळी गल्ली तिथंच उभी होती. कारखानदार होता, तू होतास. हे बरोबर असेल तर त्या दिवशी दहा होते. दहाच्या वर होते. मग मी तिची का नाय म्हटली?"

 मी उगीच रेडिओचं झाकण हातात घेऊन बसलो. टीव्हीवरच्या एका भागावरून लोक इतके का भांडतात हे मला आधी कधी कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची ताकदही उरली नव्हती. त्या संध्याकाळी थोडं कळलं. काकांना त्या भागावर मत द्यायचं नव्हतं, आपण बहिणीला वर्षभर उगाच ताटकळत ठेवलं की काय याचा निकाल द्यायचा होता.

वर्षाचा दिवस रविवारी आला. काकांना धरून त्यांच्यातली सात माणसं झाली. बाकीच्यांचे गुडघे, डोळे आणि मुलगे आड आले. ठाण्याचा तो म्हातारा आदल्या दिवशी, शब्बाथ सुटल्यावर, पेणला मुक्कामालाच येऊन राहिला होता, वडखळचा धसका घेऊन. आणि आमची गल्ली आली. सगळ्यांनी डोकी झाकलेली. कारखानदारांनी गांधी टोपी घातली होती. एकाने कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला वाटलेली टोपी फोटो आत जाईल अशी उलटी करून घातली होती. मी रुमाल बांधला होता.

त्यांच्यात माणसं एक दोन तीन करून मोजत नाहीत, माणसं मोजू नयेत म्हणतात. त्याऐवजी दहा शब्दांचं एक वचन आहे, ते म्हणायचं, एकेका माणसामागे एकेक शब्द. काका कबरीपाशी उभे राहिले आणि म्हणायला लागले. ठाण्याच्या म्हाताऱ्यावर एक शब्द, अलिबागच्या दोघा भावांवर दोन, असं करत आपल्या माणसांवरून फिरत स्वतःपर्यंत आले आणि थांबले. सात शब्द झाले होते, आणि वचन पुरं झालं नव्हतं हे सगळ्यांना कळलं. पुढे कारखानदार उभे होते. ते एक पाऊल पुढे आले आणि छाती काढून उभे राहिले, फोटोला उभं राहावं तसे. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मला वाटलं, आता शब्द येणार. कारखानदारांनाही तसंच वाटलं असणार.

"कद्दीश नाय म्हणता यायची," काका म्हणाले. "दहा नाय झाले."

 कारखानदारांनी टोपी सारखी केली. "मग काका, आम्ही कशाला आलो?" ते रागावून विचारत नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"तुम्ही मोजायला नाय आलात," काका म्हणाले. "आक्कासाठी आलात. मोजायची माणसं मला कमी पडली. तुम्ही कमी नाय पडलात." आणि पुढे म्हणाले, "त्या दिवशी पण नव्हतात पडलात. पण नियम तिचा पण हाय. ती नियमाची होती, इंजेक्शन देताना कोणाला सोडलं नाय तिनं. तुला खोटं मोजलं तर पहिली तीच ओरडेल."

कारखानदार हे पटल्यासारखे हसले आणि हसता हसता त्यांनी टोपीनेच डोळे पुसले. मग काकांनी दहा माणसं लागत नाहीत अशी एक प्रार्थना म्हटली, आणि ती मराठीतून म्हटली. त्यांच्या पाहुण्यांपैकी एकदोघे चुळबुळले, पण काकांनी ती आमच्यासाठी मराठीतून म्हटली हे आम्हाला कळलं. सगळ्यांनी फुलं वाहिली. घरी मलिदा खाल्ला. कारखानदार जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षी लवकर सांगा, तीन माणसं काय, मी शोधतो." जसं काही ती बाजारात मिळतात.

त्या संध्याकाळी काकांनी मला बोलावून गटासाठी लिहायला सांगितलं. पानभर नाही, चारच ओळी. "चिरंजीवांनो, भाग बघितला. दाराची डबी चुकीच्या बाजूला आहे. पोरगी आमच्यासारखी बोलत नाही. ते दहा, दहा नाहीत. पण तिला एकटं उभं केलं नाही, ते बरोबर केलं." पाठवल्यावर गटात पुन्हा दोन तट पडले, आणि दोघांनाही काका आपल्याच बाजूचे वाटले. मी आणखी काय चाललंय ते वाचलं नाही. काकांनीही विचारलं नाही.

ती मुलगी यानात फार दिवस टिकली नाही. वाहिनीवाले भांडणांना कंटाळले असतील. कुठल्याशा ग्रहावर तिचे नातेवाईक सापडले असं दाखवून तिला तिकडे उतरवलं. निरोपाच्या वेळी तिचा बिछान्याचा रिकामा खण दाखवला तेव्हा काका फक्त म्हणाले, "गेली ती पण."

आता मी कंपनीत नवा माणूस आला की त्याचं गाव विचारतो, आडनाव विचारतो. कोकणात सगळीच आडनावं गावावरून, त्यावरून काही कळत नाही. म्हणून चहाच्या वेळी सहज विचारल्यासारखं विचारतो, शनिवारी ओव्हरटाइम करशील का. सगळे हो म्हणतात. त्या दिवशी जमलेल्या सातांपैकीही एक जण आता मुलाकडे निघून गेला, म्हणजे कमी आहेत ते तीन नव्हेत, चार. मी हे काकांना सांगायला गेलो तर त्यांना आधीच कळलं होतं. "बघू पुढच्या वर्षी," म्हणाले. "आक्काला कुठं जायचंय?" आक्काला घाई नाही हे खरं आहे. घाई काकांना आहे. परवा जिना चढताना ते मध्येच कठड्याला धरून थांबले, मी हात पुढे केला तर नको म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने धरला.